मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि सिगारेट : गर्द सुटते, मग धूम्रपान का वाढते?

खिडकी क्रमांक दोन

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या एका मेथाडोन केंद्रात (हेरॉइनचे व्यसन सोडवण्यासाठी पर्यायी औषध देणाऱ्या ठिकाणी) मी नऊ वर्षे औषध देण्याच्या खिडकीपाशी काम केले. पहाटे साडेपाचला खिडकी उघडायची आणि त्याआधीच फुटपाथवर रांग लागलेली असायची. रुग्ण ओळखपत्र दाखवून पेला घेई, त्यातले लाल औषध माझ्यासमोर पिई, वर घोटभर पाणी घेऊन दोन शब्द बोले (औषध तोंडात धरून बाहेर नेले नाही ना, याची खात्री बोलण्यावरून होत असे) आणि निघून जाई. दाराबाहेर पाऊल पडताच बहुतेकांचा हात खिशातल्या पाकिटाकडे जात असे. रांगेत ताटकळल्यामुळे तलफ आली असेल, एवढाच अर्थ मी पहिली दोन वर्षे लावत होते.

पुढे वाचनात आले की त्याच शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, चेट आणि रोलंड ग्रिफिथ्स या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न १९८४ मध्ये तपासला होता. मेथाडोनवर स्थिर असलेल्या धूम्रपानी रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी औषधाची वेगवेगळी मात्रा देऊन त्यांनी पुढच्या काही तासांतले धूम्रपान मोजले, तेव्हा मात्रा जितकी मोठी तितके धूम्रपान अधिक, असा चढता आलेख मिळाला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात नॅन्सी मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन या त्याच उपचारातल्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही असेच आढळले. मेलो यांनी त्याआधी, १९८० मध्ये, हेरॉइन घेतानाही माणसे अधिक सिगारेटी ओढतात हे नोंदवून ठेवले होते. म्हणजे हा एखाद्या औषधाचा सुटा दुष्परिणाम नसून अफूच्या कुळातल्या पदार्थांचे आणि निकोटीनचे जुने साटेलोटे आहे.

ज्यांना या औषधांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेथाडोन हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत तयार झालेले कृत्रिम ओपिऑइड, म्हणजे अफूसारखे काम करणारे औषध, आहे. हेरॉइनच्या व्यसनावर त्याचा नियमित उपयोग न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी सुरू केला आणि त्यांचा पहिला शोधनिबंध १९६५ मध्ये आला. ते मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर (अफूच्या कुळातले पदार्थ जिथे चिकटून परिणाम करतात त्या जागी) हेरॉइनप्रमाणेच काम करते, मात्र सावकाश चढते आणि दिवसभर टिकते, त्यामुळे रुग्णाला टर्की (नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास) लागत नाही आणि नशेचा झटकाही येत नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटते, पण त्याला अर्धवटच चालना देते, म्हणून एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम फारसा वाढत नाही. तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते रिसेप्टर अडवून ठेवते आणि चालना अजिबात देत नाही.

आता हा धागा काढण्याचे कारण. बाल्टिमोरमधल्या आमच्या रांगेत सिगारेट न ओढणारा माणूस शोधावा लागे, आणि अमेरिकेतल्या अनेक मेथाडोन केंद्रांच्या पाहण्यांतही धूम्रपानाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळले आहे. तेथील सर्वसाधारण प्रौढांत ते २०२१ मध्ये ११.५ टक्के होते. हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण्यापासून ज्यांना आम्ही वाचवत होतो, ते पंचावन्न-साठीत फुप्फुसाने आणि हृदयाने जात होते. कॅलिफोर्नियातील जुन्या हेरॉइन व्यसनींच्या दीर्घकालीन पाठपुराव्याचा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर न करणाऱ्यांच्या चौपट निघाला होता. दोन्ही गट हेरॉइनवालेच होते, हे ध्यानात घ्यावे.

आणि तरीही, औषधामुळे सिगारेट वाढते म्हणून औषध कमी करावे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोन चालू असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (एक व्यक्ती एक वर्ष, असा हिशेब) ११.३ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर ३६.१ मृत्यू असे आकडे होते. एवढा फरक दुसऱ्या कोणत्या गोळीने पडतो, ते मला कोणी सांगावे. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या खिडकीतून मेथाडोन मिळते त्याच खिडकीतून तंबाखूवरचा उपचारही मिळायला हवा, कारण सिगारेटची तलफ वाढवण्यात त्या पेल्याचाही हात आहे. इथे मानसोपचार किंवा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले कोणी असल्यास भारतातला अनुभव जरूर लिहावा.

संख्येचा संशयी

लेख आवडला, परंतु १९८४ आणि १९८५ च्या प्रयोगांवर इतका भार टाकणे मला धाडसाचे वाटते. त्या काळातले असे प्रयोग मूठभर रुग्णांवर होत आणि तेही बंद वॉर्डात. करमणुकीचे साधन नाही, बाहेर जायचे नाही आणि सिगारेट मात्र हाताशी, अशा ठिकाणी कोणीही जास्त ओढेल. दुसरे असे की ८० टक्क्यांहून अधिक धूम्रपानाचा आकडा औषधाबद्दल काहीच सांगत नाही. ही मंडळी हेरॉइनकडे वळण्यापूर्वीच, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, सिगारेट ओढू लागलेली असतात. गरिबी, तुरुंगवास, मानसिक आजार आणि मित्रमंडळी या साऱ्यांचा त्या आकड्यात वाटा आहे. मेथाडोन न घेणाऱ्या हेरॉइन व्यसनींतही तो जवळपास तेवढाच असेल, तर औषधाला दोष देण्यात काय अर्थ?

खिडकी क्रमांक दोन

तुमची दुसरी हरकत पूर्णपणे मान्य आहे. ८० टक्क्यांचा आकडा मी प्रश्नाचा आवाका दाखवण्यासाठी दिला होता. तो कारणाचा पुरावा नाही, आणि लेखात मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यामुळे तसा भास झाला, ही माझी चूक.

पहिल्या हरकतीबद्दल मात्र थोडे भांडते. रुग्ण कमी होते हे खरे. पण त्या प्रयोगांत एकाच माणसाची तुलना त्याच्याशीच केलेली होती. वॉर्ड तोच, कंटाळा तोच, सिगारेटची उपलब्धता तीच आणि बदलली ती केवळ औषधाची मात्रा. कंटाळ्याने धूम्रपान वाढत असेल तर ते सर्व दिवशी सारखेच वाढायला हवे, मोठ्या मात्रेच्या दिवशी अधिक वाढायचे कारण नाही. पुढे इतर प्रयोगशाळांतही दिशा हीच राहिली. किती सिगारेटी वाढतात याचा एक आकडा देता येणार नाही, इतके मी तुमच्या बाजूने मान्य करते.

हे घडते कसे, याची दोन-तीन स्पष्टीकरणे आहेत. निकोटीन मेंदूतल्या डोपामिन (समाधानाची जाणीव देणारे रसायन) सोडणाऱ्या पेशींना थेट चेतवते, तर ओपिऑइड त्या पेशींवरचा लगाम सैल करते. लगाम सैल असताना टाच मारली तर घोडा अधिक उधळणार, म्हणजे झुरक्यातून मिळणारे समाधान औषधाच्या अमलात वाढते. याच्या उलट दिशेने निकोटीनही शरीरातल्या एंडॉर्फिनना, म्हणजे नैसर्गिक अफूसारख्या रसायनांना, मोकळे करते. एक तिसरा धागा असा की मेथाडोन निकोटीनच्या एका प्रकारच्या रिसेप्टरला अडवते, हे प्रयोगशाळेत २००१ मध्ये दाखवले गेले. त्यावरून काहींचे म्हणणे असे की अडवलेल्या परिणामाची भरपाई करण्यासाठी माणूस अधिक ओढतो. मला हे पुरेसे वाटत नाही, कारण धूम्रपान ब्युप्रेनॉर्फिनने आणि खुद्द हेरॉइननेही वाढलेले दिसले आहे.

संख्येचा संशयी

हा तर्क खरा असेल तर नाल्ट्रेक्सोनने सिगारेट सुटायला हवी. सुटते का?

खिडकी क्रमांक दोन

चांगला प्रश्न आहे आणि उत्तर माझ्या तर्काला फारसे सोयीचे नाही. प्रयोगशाळेत, काही तासांपुरते, नाल्ट्रेक्सोनने झुरक्यांची संख्या आणि त्यातली गोडी कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले. परंतु धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांवरच्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र केल्यावर दीर्घकालीन उपयोग काही दिसला नाही. तासाभराचे धूम्रपान आणि वीस वर्षांची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असेच त्यातून म्हणावे लागते.

पाचवा मजला

मी मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि काही वर्षे ओपिऑइड पर्यायी उपचाराच्या केंद्रात काम केले आहे. धागाकर्तीच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु आपल्याकडचे चित्र तीन बाबतींत वेगळे आहे.

पहिली बाब औषधाची. भारतात या उपचाराचा मुख्य आधार ब्युप्रेनॉर्फिन हा आहे. सुईने नशा करणाऱ्यांमधला एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने तिसऱ्या टप्प्यात हा उपचार हाती घेतला. मेथाडोन २०१२ पासून मोजक्या केंद्रांत मिळू लागले, त्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश होता. आमच्या केंद्रात गोळी चुरून जिभेखाली ठेवली जात असे आणि ती विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसवले जात असे. धूम्रपानाआधी आम्हाला गाठ पडायची ती दाढेत धरलेल्या तंबाखूशी. निम्म्याअधिक रुग्णांना आधी चूळ भरायला पाठवावे लागे, आणि गोळी विरघळून बाहेर पडताच तळहातावर चुना मळणे सुरू होई. तुमच्या फुटपाथवरचे दृश्य आमच्याकडे असे होते.

दुसरी बाब तंबाखूच्या प्रकाराची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. अमेरिकेतले बहुतेक संशोधन सिगारेटी मोजते, कारण तिथे मोजायला सिगारेटीच असतात. ब्युप्रेनॉर्फिन सुरू झाल्यावर रुग्णाची विडी तेवढीच राहिली आणि तंबाखूच्या पुड्या दोनच्या चार झाल्या, तर आपल्या केसपेपरवर ते कुठेच उमटत नाही. जिभेखालच्या ब्युप्रेनॉर्फिनने दात किडण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. तंबाखूने आधीच पोखरलेल्या तोंडात त्याचे काय होत असेल, याची कल्पना आमच्या दंतवैद्य सहकाऱ्यांना विचारल्यास लगेच येईल.

तिसरी बाब धूर घेण्याच्या पद्धतीची. आपल्याकडे गर्द, म्हणजे हेरॉइनची अशुद्ध भुकटी, पुष्कळदा पन्नीवर तापवून नळीने ओढली जाते किंवा सिगारेटमध्ये भरून. त्यामुळे काडेपेटी, सिगारेट आणि पन्नी ही एकाच पूजेची सामग्री असते. पन्नी गेली तरी उरलेल्या दोन वस्तू हातात राहतात आणि त्या तिसरीची आठवण करून देतात. हेरॉइनचा धूर ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार लहान वयात दिसतो, हे इंग्लंडमध्ये नोंदवले गेले आहे. त्यावर विडीची भर पडली की पंचेचाळिशीतला माणूस जिना चढताना थांबतो. ओपिऑइड श्वासाची गती मंद करते, हे लक्षात घेतले तर अशा फुप्फुसाच्या रुग्णाला औषध देताना आम्ही दोनदा विचार का करतो हे कळेल.

एक विनोदी वाटणारा पण गंभीर मुद्दा जाता जाता नोंदवतो. धूम्रपान सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचे नाव ब्युप्रोपियन आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि ब्युप्रोपियन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, परंतु चिठ्ठीवर आणि दुकानात गोंधळ होऊ शकतो. एकाच रुग्णाला दोन्ही द्यायची असतील तर चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहा आणि दुकानदाराने दिलेले पाकीट रुग्णाकडून वाचून घ्या.

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकचा. बरेच दिवस हा विषय मनात होता, पण कोणाला विचारावे हे समजत नव्हते. माझा धाकटा भाऊ गेल्या आठ महिन्यांपासून ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. गर्द पूर्ण सुटली आहे, कामावर जातो, पगार घरी देतो. परंतु पूर्वी दिवसाला आठ-दहा सिगारेटी होत्या त्या आता अठरा-वीसवर गेल्या आहेत. आईचे म्हणणे असे की हे औषधच दुसरे व्यसन लावते आहे, तेव्हा ते हळूहळू बंद करावे आणि मग सिगारेटही आपोआप कमी होईल. वडील नाहीत, त्यामुळे घरात निर्णय माझ्यावर येतो. आईला काय सांगावे?

पाचवा मजला

गोदाकाठ, औषध घरच्या घरी कमी करू नका, ही एक गोष्ट आधी पक्की धरा. आठ महिने हा या आजारात फार लहान काळ आहे. औषध अचानक किंवा घाईने सुटले की बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा गर्दकडे वळतात आणि दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. आईंना सांगा की सिगारेटने भावाचे आयुष्य कमी होईल ही त्यांची काळजी अगदी रास्त आहे, परंतु गर्द ते एका रात्रीत संपवू शकते.

वाढलेल्या सिगारेटींमागे औषध हे एकच कारण असेल असेही नाही. हातात पगार आला आहे, दिवस रिकामे न राहता कामाचे झाले आहेत, कामावर चहाबरोबर सिगारेट घेणारे सोबती आहेत, आणि पूर्वी जो वेळ गर्द मिळवण्यात जाई तो आता कशाने तरी भरायचा आहे. ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा अपुरी असली तरीही बेचैनी दाबण्यासाठी माणूस सिगारेट ओढतो. अशा वेळी उपाय नेमका उलटा, म्हणजे मात्रा वाढवण्याचा, असतो. हे ठरवायला भावाला तपासणाऱ्या डॉक्टरांना नेमकी माहिती लागेल. आठवडाभर तो प्रत्येक सिगारेटची वेळ आणि गोळीची वेळ एका वहीत लिहील का?

उशिरा सुटलेला

मी स्वतः बारा वर्षांपूर्वी यातून बाहेर पडलो आहे, म्हणून आतल्या बाजूचे थोडे लिहितो. ज्या केंद्रात मी दाखल होतो तिथे पहिल्याच दिवशी सांगितले गेले की एका वेळी एकच लढाई लढायची, सिगारेटचे नंतर पाहू. दिवसातून चार वेळा सिगारेटची सुट्टी असे आणि शिस्त मोडली की शिक्षा म्हणून ती सुट्टी काढून घेतली जाई. म्हणजे सिगारेट हे तिथले बक्षीस होते. आमचे समुपदेशकही त्याच अंगणात, आमच्याच काडीवर पेटवत. मला कोणाला दोष द्यायचा नाही, ती माणसे जीव ओतून काम करत होती. परंतु "नंतर पाहू" म्हटलेले ते नंतर कोणी पाहिलेच नाही आणि माझी सिगारेट सुटायला पुढची सात वर्षे गेली.

औषधाच्या अमलात सिगारेट अधिक गोड लागते, हे वाचून मात्र चकित झालो. आम्ही आपसांत हे नेहमी बोलत असू. गोळीनंतरची पहिली सिगारेट ही दिवसातली सर्वांत चांगली, असे प्रत्येक जण म्हणे. ते शास्त्रात लिहून ठेवलेले असेल असे कधी वाटले नव्हते.

खिडकी क्रमांक दोन

उशिरा सुटलेला, तुमच्या प्रतिसादातली बक्षिसाची गोष्ट अमेरिकेतही तशीच होती. सिगारेट सोडायला लावली तर रुग्ण पुन्हा नशेकडे जाईल, ही भीती तिथल्या समुपदेशकांतही खोल रुजलेली होती. पुरावा मात्र उलट दिशेने बोलतो. व्यसनमुक्तीच्या उपचारादरम्यानच धूम्रपानावरही मदत दिली गेलेल्या १९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण ज्युडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केले, तेव्हा मदत मिळालेल्या गटात दारू व इतर नशांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक आढळली. लॉस एंजेलिसमध्ये मेथाडोनच्या रुग्णांवर झालेल्या २००२ च्या चाचणीतले एक निरीक्षण मला विशेष वाटते : ज्या आठवड्यांत रुग्णांनी सिगारेट ओढली नाही, त्या आठवड्यांत त्यांच्या लघवीत हेरॉइन आणि कोकेन सापडण्याचे प्रमाणही कमी होते. न्यूयॉर्क राज्याने तर जुलै २००८ पासून सर्व व्यसनमुक्ती केंद्रे तंबाखूमुक्त करण्याचा आणि तंबाखूवर उपचार देण्याचा नियमच केला.

संख्येचा संशयी

लॉस एंजेलिसच्या निरीक्षणात कारण आणि परिणाम कोणते हे सांगता येत नाही. चांगल्या आठवड्यात माणूस दोन्ही टाळतो, इतकाच अर्थ त्यातून निघतो. प्रोचास्का यांचे विश्लेषण मात्र यादृच्छिक चाचण्यांचे असल्याने मी ते मान्य करतो. आता खरा प्रश्न : मेथाडोनवरच्या माणसाची सिगारेट औषधाने सुटते का? आकडे सांगा.

खिडकी क्रमांक दोन

आकडे निराश करणारे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऱ्होड आयलंडमध्ये मायकेल स्टाइन यांच्या गटाने मेथाडोनच्या रुग्णांना निकोटीनचे पॅच आणि समुपदेशन दिले, तर सहा महिन्यांनी धूम्रपान सुटलेले पाच टक्क्यांच्या आसपास होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये शादी नाहवी यांच्या २०१४ च्या चाचणीत व्हेरेनिक्लिन हे धूम्रपान सोडवणारे औषध घेणाऱ्यांपैकी १०.५ टक्के जण बाराव्या आठवड्यात सिगारेटमुक्त होते, आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत एकही नव्हता. इतर धूम्रपानी लोकांत व्हेरेनिक्लिनचे यश याहून बरेच अधिक असते. म्हणजे औषध काम करते, पण इथे चढण उभी आहे, आणि रोजचा ओपिऑइड डोस ती आणखी उभी करत असावा असा माझा कयास आहे.

व्हेरेनिक्लिनने मन बिघडते या भीतीपोटी या रुग्णांना ते अनेक वर्षे दिले जात नसे. आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत, ज्यात मानसिक आजार असलेलेही होते, तसा लक्षणीय धोका आढळला नाही आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत वेष्टनावरचा ठळक इशारा काढण्यात आला.

फार्मासिस्ट म्हणून एक सूचना. तंबाखूच्या धुरातले काही घटक यकृतातली औषधे मोडणारी विकरे वाढवतात. क्लोझापिनसारख्या मानसिक आजारावरच्या औषधांबाबत हे चांगले माहीत आहे, म्हणजे धूम्रपान सुटले की त्यांची रक्तातली पातळी चढते. मेथाडोनच्या बाबतीत परिणाम कमी आहे, परंतु सिगारेट सोडल्यानंतर गुंगी आणि श्वास मंदावणे इथपर्यंत प्रकरण गेल्याची नोंद झालेली आहे. म्हणून मेथाडोनवरच्या माणसाने सिगारेट सोडताना केंद्राला कळवावे आणि पहिल्या आठवड्यांत नेहमीपेक्षा अधिक झोप येते का, हे घरच्यांनी पाहावे. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे पॅच किंवा च्युइंगम घेतले तरी पातळीतला बदल होणारच.

दाईमावशी

मी इंग्लंडमध्ये नवजात विभागात परिचारिका आहे. एक मुद्दा राहून गेला आहे. मेथाडोनवर असलेल्या गरोदर स्त्रीला ते औषध बंद करू नये असाच सल्ला दिला जातो, आणि बाळाला जन्मानंतर काही दिवस टर्कीसारखी लक्षणे येऊ शकतात हे गृहीत धरून आम्ही तयारी ठेवतो. पण त्याच आईचे धूम्रपान जास्त असेल तर बाळाची लक्षणे अधिक तीव्र होतात, हे बाल्टिमोरमधल्याच २००४ च्या अभ्यासात दिसले होते. आमच्या विभागात आया मेथाडोनची मात्रा सांगताना मान खाली घालतात आणि सिगारेटींचा आकडा सहज सांगून टाकतात. बाळापुरते बोलायचे तर कमी करण्याजोगी गोष्ट दुसरी आहे, पहिली नव्हे.

गोदाकाठ

आठवड्याची वही झाली, म्हणून पुन्हा लिहितो. गोळी सकाळी साडेसातला. त्यानंतर साडेदहापर्यंत सरासरी सात सिगारेटी, दुपारी चार-पाच, संध्याकाळी पुन्हा चार आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन. डॉक्टरांनी ती वही लक्षपूर्वक पाहिली. गोळीची मात्रा तीच ठेवली आहे. सकाळसाठी निकोटीनचे च्युइंगम दिले आहे, आणि पुढच्या महिन्यात व्हेरेनिक्लिनचा विचार करू असे ते म्हणाले. आईही आमच्यासोबत आली होती. औषध बंद करायचे नाही हे त्यांनी तिला दोन वेळा समजावून सांगितले. नंतर त्यांनी विचारले की घरात आणखी कोणी तंबाखू घेते का. आई मिश्री लावते, हे सांगायची वेळ माझ्यावर आली. ती गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

संख्येचा संशयी

वही ठेवली हे उत्तम झाले. परंतु सकाळी साडेसात ते साडेदहा हा चहाचा, प्रवासाचा आणि कामावर पोहोचण्याचाही वेळ आहे, आणि उठल्यावरचे पहिले काही तास कोणत्याही धूम्रपानी माणसाचे जड असतात. गोळी दोष घेते की चहा, हे या वहीवरून ठरत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर काही दिवस गोळी रात्री घेऊन सिगारेटींची गर्दी तिच्याबरोबर सरकते का, ते पाहता येईल.

पाचवा मजला

सूचना तर्काला धरून आहे, पण ब्युप्रेनॉर्फिन शरीरात दीर्घकाळ राहते, त्यामुळे सरकणे स्पष्ट दिसेलच असे नाही, आणि स्थिर झालेल्या रुग्णाची वेळ केवळ कुतूहलापोटी मी बदलणार नाही. गोदाकाठ, च्युइंगमबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. जिभेखालची गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि नंतरच च्युइंगम. चहा-कॉफीने तोंडात आम्लता येते आणि निकोटीन नीट शोषले जात नाही, म्हणून च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असेपर्यंत चहा नको. ते सतत चघळायचे नसते. सावकाश चावून, जिभेला चुरचुर लागली की गालाशी धरून ठेवायचे, तंबाखूची चिमूट धरतात तसे. हे आमच्या रुग्णांना एकदाच सांगून जमते.

गोदाकाठ

चहाचेच कठीण आहे. भाऊ म्हणतो च्युइंगम घेईन, पण सकाळचा चहा पंधरा मिनिटे पुढे ढकलणार नाही. शेवटी आईने मार्ग काढला. चहा आधी, सातला. मग गोळी, मग चूळ, मग च्युइंगम. चौथा दिवस आहे, सातच्या पाच झाल्या आहेत. मिश्रीच्या डबीबद्दल घरात अजून कोणी काही बोललेले नाही.